अक्रोडावर आळ नको

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सुकामेव्याच्या वखारीत एकेचाळीस वर्षे अक्रोड-बदाम निवडलेली बाई, आज मंगळवारी सकाळी नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज माझे डोके ठिकाणावर आहे. 'आज' हा शब्द मुद्दाम घातला आहे. का, ते पाचव्या कलमात येईल. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट कळले तर हात धरतील. बारा वाजता माझा मुलगा घर घेणाऱ्या माणसाला घेऊन येणार आहे. त्याआधी हे पुरे व्हायला हवे, म्हणून अक्षराला नावे ठेवू नयेत.

कलम १. हे राहते घर माझ्या एकटीच्या कमाईचे आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझ्या यजमानांनी हयात असेपर्यंत त्यात राहावे. तोवर ते विकू नये, भाड्याने देऊ नये, आतला पलंगसुद्धा हलवू नये. हे कारखान्यात लेथवर काम करायचे. केसाएवढा फरक नुसत्या बोटाने सांगायचे. आता जेवण झाले की नाही तेही यांना आठवत नाही, पण पलंगावरून उठून डाव्या हाताने भिंत चाचपत न्हाणीघरापर्यंत बरोबर जातात. मुलाच्या फ्लॅटवर आठ दिवस राहिलो तेव्हा न्हाणीघर समजून यांनी कपाटाचे दार उघडले आणि तिथेच उभ्याने रडले. मुलगा ऑफिसात होता, त्याने ते पाहिले नाही. आता तो म्हणतो, घर विकू, बाबांना संस्थेत ठेवू, तू माझ्याकडे राहा. यांच्या मागे घर त्याचेच आहे. त्याच्या तोंडाला पाने पुसायची नाहीत मला. फक्त थांब म्हणते आहे.

कलम २. पोस्टाच्या बचत खात्यातली शिल्लक यांच्या औषधपाण्याला आणि दिवसभर सोबतीला ठेवायच्या बाईच्या पगाराला वापरावी. बाई बडबडी असावी. यांना शांतता सोसत नाही.

कलम ३. अक्रोड फोडायची माझी लहान हातोडी आणि जाळीची चाळणी वखारीतल्या नव्या मुलींना द्यावी. मुकादमाच्या हाती पडू देऊ नये. त्याने मला एकदा खवट मालाच्या गोण्यांवर चांगल्या मालाची खूण करायला सांगितले होते. मी केली नाही, तर तीन महिने टरफले भरायला बसवले. आता तोही माझ्यासारखाच म्हातारा झाला असेल. तरीही देऊ नये.

कलम ४. हे कलम डॉक्टरबाईंसाठी. त्यांना दहा वाजता साक्षीला बोलावले आहे, तेव्हा हे त्यांच्यासमोरच वाचले जाईल.

डॉक्टरबाई, पाच वर्षांपूर्वी तुम्ही आम्हा म्हाताऱ्यांना घेऊन एक प्रयोग केलात. निम्म्यांनी दोन वर्षे रोज मूठभर अक्रोड-बदाम खायचे, निम्म्यांनी नाही, आणि तेव्हापासून दरवर्षी सगळ्यांच्या आठवणीची परीक्षा घ्यायची. चिठ्ठीत पुडे मला आले, यांना नाही. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, त्यातली गत. माझी कवळी, यांचे सगळे दात शाबूत. आणि रस्ता चुकायला सुरुवात झाली होती ती यांची. एकेचाळीस वर्षे मी लोकांच्या घरी जाणारा मेवा निवडला. माझ्या घरात तो पहिल्यांदा आला, आणि यांना बाजूला बसवून मी एकटीने खाऊ? मी रोज सकाळी माझा पुडा कुटून यांच्या दुधात घातला. "अगं, दुधात काय घातलंस?" म्हणून विचारायचे. "काही नाही, गप प्या." आणि तुमच्या कागदावर दर आठवड्याला मी 'खाल्ले' अशी खूण केली. दोन वर्षे तुमच्याशी खोटे बोलले. मला त्याची लाज वाटते.

आता सांगायचे कारण असे, की यंदाच्या परीक्षेत मी मागे पडले. तुमच्या कागदांत मी मेवा खाऊनही विसरायला लागलेली बाई आहे. उद्या कोणी वाचून म्हणेल, बघा, रोज खात होती, काय उपयोग झाला? बाई, अक्रोडावर आळ नको. मी ते खाल्लेच नाहीत. यांना उपयोग झाला का, देव जाणे. दोन वर्षे रस्ता चुकले नाहीत, मग पुन्हा चुकू लागले. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, "आजी, रोज खाणाऱ्यांना थोडी मदत होत असावी, पण खात्रीने सांगता येत नाही. आणि गेलेली आठवण परत आणायचं हे औषध नाही." मी त्यातले 'थोडी मदत' एवढेच ऐकले होते. आम्हा दोघांना तुमच्या प्रयोगातून वगळा. रागवायचे असेल तर साक्षीची सही करून मग रागवा.

कलम ५. माझा मुलगा दर महिन्याला अक्रोडांचा डबा पाठवतो. स्वतः येत नाही, डबा येतो. मला विसरायला होते म्हटले की फोनवर म्हणतो, "आई, तुला काही झालेलं नाही. अक्रोड खा." एकोणीस दिवसांपूर्वी, गुरुवारी, तो डबा घेऊन स्वतः आला. गेल्या आठवड्यात त्या डब्याखाली मला एक कागद सापडला. घर विकण्याचा करार, त्यावर माझी सही. सही माझीच आहे. केल्याचे मला आठवत नाही.

वकिलांना विचारले. ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही भानावर नव्हता हे दाखवलंत, तर करार मोडता येईल." पण तसे लिहून दिले, की उद्या मुलगा विचारणार, गुरुवारी भान नव्हते तर मंगळवारी कुठून आले? इकडे आड, तिकडे विहीर. तीन दिवस मी यांच्याकडे बघत बसले.

कलम ६. माझी सून दोन गल्ल्या पलीकडच्या त्यांच्या फ्लॅटवरून रोज सकाळ-संध्याकाळ येते. वर्षभर ती एका वहीत माझ्या चुका लिहिते आहे. माझ्या लक्षात आले तेव्हा मी तिला फाडकन विचारले होते, "पोलिसात लागलीस का गं?" तिने वही मिटून पिशवीत टाकली. नवऱ्यासाठी पुरावा जमवते आहे अशीच माझी समजूत होती. काल मी करार तिच्यापुढे टाकला आणि म्हटले, "काढ तो गुरुवार." तिने वाचले: आईंनी मला चार वेळा ताई म्हटलं. त्यांची ताई वारून नऊ वर्षं झाली. दूध दोनदा उतू गेलं. संध्याकाळपर्यंत वार सांगता आला नाही.

"हे कोणासाठी लिहितेस?"

"डॉक्टरबाईंना दाखवायला. तुम्ही मला बरोबर येऊच देत नव्हता, आई."

"हे तुझ्या नवऱ्याच्या विरुद्ध जाईल."

"माहीत आहे," म्हणाली, आणि वही माझ्या हातात देऊन रडायला लागली. मीही रडले. वर्षभर मी तिला धड चहासुद्धा विचारला नव्हता.

ती वही सोबत जोडली आहे. तिच्यात 'आज आई ठीक' असे दिवस जास्त आहेत. तरी मी स्पष्ट लिहिते: माझे डोके काही दिवस चालत नाही. त्या गुरुवारी चालत नव्हते, ती सही मानू नये. आज चालते आहे. डॉक्टरबाईंनी हवे ते विचारावे आणि खरे असेल तेच लिहावे.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी सुनेवर सोपवते. मुलगा मला ठणठणीत म्हणत आला आणि त्याच तोंडाने सही घेऊन गेला. सुनेने माझे जे बिघडले ते बिघडले म्हणूनच लिहिले. बाळा, तू वाईट नाहीस, तुला घाई झाली आहे. मला तुझा फार राग आला आहे आणि तू जेवलास का हेही मनात येतेच. यावरून तिला घरात एक शब्द बोलू नकोस.

कलम ८. आजनंतर माझ्या हातून आणखी कागद होतील. डॉक्टरबाई आणि सून दोघी समोर नसताना केलेली माझी कोणतीही सही मानू नये. मीच हट्ट धरला, रडले, शिव्या दिल्या, घर विका म्हणाले, तरी ऐकू नका. आणि एखाद्या सकाळी मी यांच्याकडे बोट दाखवून विचारले, हा कोण माणूस माझ्या घरात, काढा याला, तर मला समजवा, ओरडा, हवे तर दुसऱ्या खोलीत न्या. यांना उठवू नका.

सही: घरमालकीण

साक्षीदार १, डॉक्टर: सर्वांना बाहेर बसवून मी अर्धा तास प्रश्न विचारले. घर कोणाचे, कोणाला, का, आणि यातून कोण दुखावेल, हे त्यांनी न अडखळता सांगितले. आज त्या पूर्ण भानावर आहेत. प्रयोगातून दोन्ही नावे वगळते.

साक्षीदार २, शेजारचा शिंपी: सही माझ्यासमोर झाली. मध्येच दारावरची बेल वाजली आणि मुलगा हाका मारू लागला. बाईंनी आधी सही पुरी केली, मग सुनेला म्हणाल्या, "जा, उघड दार."

ठिकाण: राहते घर. मंगळवार, सकाळचे अकरा वाजून पन्नास मिनिटे.