खालच्या चौकीशी बोलायचं न्हाई

आषाढ अवस, सोमवार

दत्तू चौकीतनं तोंड पाडून आला. चौकीत बिनतारी यंत्र हाय, त्यावर हा माझा नातू बसतो. लढाईत शिकला, आता पोलिसात तेच करतो. रोज दुपारी बाराला सांगलीकडच्या, नदीच्या खालच्या अंगाच्या चौकीतल्या हुसेनशी बोलायचा. दोघं एका पलटणीतले. आज फौजदारानं धरलं. म्हणला, "ते यंत्र सांगली संस्थानाच्या वक्ताचं, हे आपलं सरकारी. खालच्या चौकीशी बोलायचं न्हाई. निरोप पुण्याला द्यायचा, पुणं खाली देईल."

मी म्हणलं, "नदी काय पुण्यावरनं जाती व्हय रं?"

हसला न्हाई.

श्रा. शु. १, मंगळ

देव धुतले. खंडोबाच्या टाकामागं एक काळी डबी सापडली, सुपारीच्या खांडाएवढी, खाली दोन पितळी खुंट्या. म्हणलं सुनेनं माहेरचा देव आणला असंल. ताम्हनात घेतला, दूध घातलं, हळद-कुंकू लावलं. दत्तू बघून बोंबललाच.

"आज्जे, यंत्राचा खडा हाय त्यो!"

हा आत बसवला तरच यंत्र हुसेनशी बोलतं. एक याच्यापाशी, जोडीचा हुसेनपाशी. पलटणीतनं आणलेले. फौजदाराच्या भेवानं हितं लपवलेला.

"देवामागं ठेवल्यावर पूजा हुणारच," मी म्हणलं. पुसून चुलीच्या उबेला ठेवला. आता चालंल का, त्याला बी ठावं न्हाई.

३, गुरुवार

पाऊस उघडंना. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. गंगूला पंचमीला आणायला गडी धाडला, तो ओढ्यावरनंच माघारी. गंगू माझी धाकटी लेक. कुरणवाडीला दिली, सांगलीच्या अलीकडं. गाव म्हणजे नदीच्या पोटातच. सातवा महिना चाललाय. जावई गरीब माणूस, पण पाणी उंबऱ्याला लागल्याबिगर उठायचा न्हाई. सासू त्याच्यावर ताण.

हितं चढलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तिथं.

४, शुक्र

सकाळी पाणी मारुतीच्या पारावर. एवढं मी तरी बघितलं न्हाई.

दत्तूनं पुण्याला निरोप दिला. खालची गावं उठवा, नावा काढा. पुण्यानं उलट विचारलं, कुठल्या साहेबाचा हुकूम? साहेब साताऱ्यात, तारंचे खांब आडवे. नावा दोन, आगीच्या बंबवाल्यांच्या, हुसेनच्या चौकीपाशीच बांधलेल्या. म्हणजे नावाड्याला हुसेननं सांगायचं, हुसेनला पुण्यानं, पुण्याला साहेबानं. आणि साहेबाला कोण, देव? माझ्या बापाच्या वक्ताला काठावरनं हाळी द्यायचे. ह्या गावानं त्या गावाला, त्यानं पुढच्याला. तू कुणाच्या हद्दीतला, असं कुणी विचारलं न्हाई.

दत्तू घरी येऊन ताटावरनं उठला. "आज्जे, नोकरी जाईल."

गंगू त्याची सख्खी आत्या, मी सांगायचं काय?

अकराला भाकरी घेऊन चौकीत गेले. भाकरीच्या फडक्यात खडा बांधला हुता. फौजदार घाटावर. दत्तूनं गाठ सोडली, माझ्याकडं बघितलं. बाराच्या ठोक्याला बसवला. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, दुसरं काय न्हाई. लय वेळ. मला वाटलं माझं दूध नडलं.

मग हुसेन. "दत्त्या? लेका, फौजदार मेला काय तुझा?"

"पाणी येतंय. उद्या सकाळच्या आत. कुरणवाडी आधी उठव."

"हुकूम कुणाचा?"

"हुकूम न्हाई. आत्या हाय माझी."

परत नुसती तडतड. मग, "जातो."

मागं वळले तर फौजदार दारात.

५, पंचमी

वारुळाला कोण गेलं न्हाई, वारूळच पाण्यात. पुरणाची दिंडं केली, कुणी खाल्ली न्हाईत.

फौजदारानं खडा पाकिटात घालून लाखेचा शिक्का मारला. दत्तूला यंत्रावरनं उठवून बाकावर बसवलंय. पाणी उतरून वाट मोकळी झाली की साताऱ्याला न्यायचा, चौकशीला. यंत्रावर दुसरा शिपाई, त्याला एकेका निरोपाला घाम फुटतो.

"खडा चौकीत कुणी आणला?"

"मी. देवातला हाय. खुंटीला हळद बघा."

फौजदारानं पाकीट उजेडात धरलं. शिक्का काय फोडला न्हाई.

सांजच्याला पुण्यावरनं निरोप आला. कुरणवाडीत पाणी. माणसं नावांनी काढली, शाळेत ठेवलीत. बाकी मागाहून.

नावा कवा पोचल्या, ते निरोपात न्हाई. पुण्याचा हुकूम सुटला कवा, ते बी न्हाई.

६, रविवार

चौकीच्या पायरीवर बसून लिहितेय. पेन्सिल दत्तूची.

सकाळी निरोप आला, कुरणवाडीतली तिघं सापडंनात. त्यात एक बाई.

नाव न्हाई.

सापडंनात त्यांची यादी हुसेनपाशी हाय. ती तिकडच्या साहेबाकडं जाणार, साहेब इंग्रजीत करणार, मग पुणं, मग हितं. दोन दिस तरी, शिपाई म्हणला.

फौजदार म्हणला, "आज्जी, घरी जावा. कळवतो."

"जाते. बाईचं नाव सांगा."

"मला तरी कुठं ठावं?"

"हुसेनला ठावं हाय. बाराला तो कान लावून बसतो."

"त्याला बी मनाई झाली असंल."

"मनाई तुमी दत्तूला बी केली हुती."

बाकावरनं दत्तू म्हणला, "साहेब, मी हात लावत न्हाई. खडा तुमी बसवा, तुमीच विचारा."

फौजदारानं मला पाणी आणवलं. मी प्याले न्हाई.

बाराला सात मिनिटं कमी. पाकीट टेबलावरनं त्याच्या हातात आलंय. अंगठा लाखेवर. शिपाई यंत्रापासनं सरकून उभा राहिला. दत्तू बी उठलाय, त्याला कुणी बस म्हणलं न्हाई.