बाबांच्या दाराचा साचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा फायबरग्लासची दारे बनवणे, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नाही, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, हे बरे केले. याआधी मी चार वेळा मृत्युपत्र लिहायला घेतले आणि चारही वेळा पाचव्या कलमाशी अडले.

कलम १. राहते घर सामानासह माझ्या मुलीला. न्हाणीघराचे दार तिने बदलू नये. माझ्या हातून जमलेले ते पहिले दार आहे. बत्तीस वर्षे रोज पाणी झेलून तसूभरही फुगलेले नाही. रंग आवडत नसेल तर खुशाल दुसरा द्यावा.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी आणि चटई यांना निम्मी निम्मी. चटई म्हणजे पंचवीस वर्षे माझ्या कारखान्यात काचेच्या तंतूंची मॅट साच्यात अंथरणारी बाई. तिचे कागदोपत्री नाव वकीलबाईंनी वेगळे लिहून घेतले आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघत नाही.

कलम ३. कारखाना, यंत्रे आणि चालू वापरातले अकरा साचे चटईला. एक अट आहे. दारात बिजागरीच्या आणि कुलपाच्या जागी लाकडाचे ठोकळे घालणे बंद करू नये. सुरुवातीला मी हट्टाने लाकडाचा कणही वापरत नव्हते. दाराच्या पोटात भरलेल्या फोममध्ये स्क्रू धरेना आणि एका दंतवैद्याच्या दवाखान्याचे दार पेशंटच्या हातात आले. आठवड्याभरात माझ्या उंबऱ्याशी एक पोते येऊन पडले. आत एकसारखे रंधलेले ठोकळे, वर चिठ्ठी: "स्क्रू धरायला लाकूडच लागतं." खाली सही नव्हती. दादाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे अक्षर मी ओळखते. तेव्हापासून दर महिन्याला पोते येते. आमचे बोलणे जवळजवळ बंद होते, पोती चालू होती.

कलम ४. ज्या इंटिरियरवाल्याने माझ्या दारावर टिचकी मारून "आत भुसा भरलाय का, बाई?" असे चारचौघांत विचारले, त्याला चटईने दाराचा एक तुकडा आणि एक बादली पोचवावी. त्याने तुकडा महिनाभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि मग पुन्हा टिचकी मारावी.

कलम ५. हे कलम असे होते: "पहिला साचा माझ्या मृत्यूनंतर थोरल्या भावाला द्यावा." ते मी रद्द करत आहे. कारण मुलीला आणि चटईला कळावे म्हणून लिहिते.

आमचे बाबा सुतार. दादा त्यांच्या हाताखाली तयार झाला. मी होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे कामाला लागले आणि तिथे फायबर शिकले. संध्याकाळी घरी आले की बाबा भुशात मांडी घालून चहा पीत असायचे आणि दादा कुणाचे तरी ओलाव्याने फुगलेले दार तासत असायचा. हवा कोरडी झाली की त्याच दाराखालून बोटभर उजेड दिसायचा. मला वाटले, होडी जन्मभर पाण्यात राहते, मग दाराने काय घोडे मारले आहे? दादा म्हणाला, "लाकूड जिवंत असतं म्हणून फुगतं. तुझं दार मेलेलंच जन्माला येणार." बाबा नुसते हसले.

फायबरचा साचा खऱ्या दारावर थापून काढतात, त्यासाठी नमुना हवा होता. बाबांनी स्वतःच्या खोलीसाठी केलेले, चार कोरीव चौकटींचे दार भिंतीला टेकून होते. त्यांच्या हातचे ते शेवटचे. त्यांना विचारून मी ते घेतले. दादाला विचारले नाही. साचा सुटून यावा म्हणून नमुन्याला मेण चोळतात. मी सुताराची मुलगी. घरातल्या डब्यातले लाकडाचे मेण घेतले आणि तीनदा प्रेमाने चोळले. लाकडाचे मेण लाकडात मुरते. साच्याला लागते ते वर राहणारे मेण. होडीच्या शेडमध्ये हे मला रोज दिसत होते, पण घरात पाऊल टाकले की मी घरचीच होत असे. साचा उचकटला तेव्हा दाराची सगळी कातडी सोलून निघाली.

बाबा जवळ आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "दार गेलं ते गेलं. साचा बरा आलाय का बघ."

दादाने हातातली पटाशी खाली ठेवली. "माझी एक खाच चुकली तर तीन दिवस बोलणी खायचो मी," एवढेच तो बाबांना म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. पुढे बाबा गेले. गरजेपुरते बोलणे उरले, पण माझ्या कारखान्यात त्याने पाय ठेवला नाही.

गेल्या वर्षी तो फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "साचा दे. त्यावरून बाबांचं दार लाकडात पुन्हा करतो. हात चालतायत तोवर." विक्रीच्या दारांवर रंगाचे थर चढतात, कडा बोथट होतात. बाबांच्या पटाशीची खोली फक्त त्या साच्यात राहिली आहे. मी म्हणाले, "मी गेल्यावर घे." खरे तर साचा गेला की कारखान्यात बाबांचे काही उरणार नव्हते, म्हणून देववत नव्हते.

दादा म्हणाला, "मी अठ्ठ्याहत्तरचा. आधी कोण जाणार ते तू ठरवलंस का?" आणि निघून गेला.

वर्षभर ते वाक्य डोक्यातून गेले नाही. परवा मी त्याला फोन करून टेम्पो घेऊन ये म्हणाले. तो आत आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने साच्यावरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबला. "इथं बाबांचा रंधा अडकला होता. चूक त्यांची, आणि शिव्या मला." मी म्हणाले, "ने." त्याने विचारले, "आणि तू?" मी म्हणाले, "दार झालं की बोलाव." साचा टेम्पोत चढवताना चटई रडली, मी नाही.

म्हणून कलम ५ मध्ये आता वाटण्यासारखे काही नाही. दुसरी सोय अशी झाली की, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंचे म्हणणे होते. ती अडचण दूर झाली आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

ठिकाण: कारखान्याची वरची खोली. दिनांक: ११ मार्च, सोमवार.

सही: दारे बनवणारी

साक्षीदार पहिला: शेजारचा किल्लीवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, सुतार. बहिणीने माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, हे समजून उमजून मीही सही करत आहे.