पाचांना जागा असेल तर

प्लेनो,
७ नोव्हेंबर २०२४

चि. नीला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फॅमिली ग्रुप सोडलास, फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. माझं एवढंच म्हणणं होतं, की सुनेच्या नव्या नवऱ्याला थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावणं बरं दिसत नाही. अनयला जाऊन तीनच वर्षं झाली. चारुदत्त बोलत नाहीत, म्हणजे बाप म्हणून त्यांना दुखत नाही असं नाही. त्यापेक्षा तुम्ही दोघं इकडे या. आमचा अमित तिकिटं काढतो म्हणतोय. इथे अजून स्वेटरही लागत नाही, तुझ्या गुडघ्यांना बरं.

रागावून का होईना, लिही.

तुझी,
शरयूताई

श्रूजबरी,
१४ नोव्हेंबर

ती. शरयूताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही येत नाही. शाल्मली येणार आहे, देवांग येणार आहे आणि उर्वी तर येणारच. लग्न तिच्या आईने केलंय, तिने आजी बदललेली नाही.

शाल्मलीला पुन्हा लग्न कर म्हणून मीच मागे लागले होते, हेही ग्रुपवर सांगून टाक. तिने जन्मभर माझ्यासमोर बसून रडावं असं ज्यांना वाटतं, ते ह्यांच्या बायपासच्या वेळी कुठे होते? हॉस्पिटलात तीच होती.

हे मात्र देवांगशी अजून धड बोललेले नाहीत. त्याचीच मला धाकधूक आहे. पण बोलावणं मी मागे घेणार नाही.

राग असू दे, माया आटू देऊ नकोस.

तुझी,
नीला

श्रूजबरी,
१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

यंदा बर्फ लवकर आला, त्याचे किती आभार मानू! जेवून संध्याकाळी निघायचं असं मुलांचं ठरलं होतं. पण जो पडायला लागला तो थांबेचना. शाल्मली म्हणाली, ड्राइव्ह करणं शक्य नाही. मी मनातून खूश. जेवणं मात्र मुकाट्यानेच झाली.

सकाळी पाहते तर हे फावडं घेऊन ड्राइव्हवेवर. बायपास झालेला माणूस! देवांग धावत गेला, फावडं मागू लागला. हे देईनात. म्हणाले, हे काम अनयचं होतं, दुसऱ्या कुणी करायचं नाही. देवांगने वाद घातला नाही. गराजमधून कचऱ्याच्या डब्याचं झाकण आणलं, दुसऱ्या टोकाला जाऊन बर्फ ओढू लागला आणि तिथूनच विचारलं, अनय सुरुवात कुठून करायचा.

ताई, हे थांबले. मग सांगायलाच लागले. कुठून करायचा, किती टंगळमंगळ करायचा, एकदा चुकून शेजाऱ्यांचाच ड्राइव्हवे कसा साफ करून आला. इतक्या दिवसांत ह्यांनी त्याचं नावही घेतलं नव्हतं. बोलता बोलता फावडं देवांगच्या हातात कधी गेलं, ह्यांनाही कळलं नाही. आत आले ते डोळे पुसत, पण हसत. उर्वीला म्हणाले, ये, तुझ्या बाबाची गंमत सांगतो.

ख्रिसमसला आम्ही तुझ्याकडे येऊ म्हणतो, पाचही जण. पाचांना जागा असेल तरच हो म्हण. एकालाही मागे ठेवून मी येणार नाही.

तुझीच हट्टी,
नीला

प्लेनो,
९ डिसेंबर

चि. नीलास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. या. सगळे या. इथे कुणी काही बोललंच, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

देवांगला वांगं चालतं का, तेवढं कळव.

भांडणासकट तुझी,
शरयूताई