कौन आई?

ती. आईस राजधानीतल्या द्वारकेहून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा कसा आहे?

तेजू मला मम्मी का म्हणते, असं तू विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. शाळेच्या गेटवर ती "आई!" ओरडली की मुलं हसायची, "कौन आई? कहाँ से आई?"

सोमवारी तिच्या मॅडमनी विचारलं, घरी आईला काय म्हणता? अम्मा, बेबे, अम्मी, सगळं फळ्यावर लिहिलं. मणिपूरची लिन्थोई "ईमा" म्हणाली. तेजू मात्र "मम्मी"च म्हणाली गं.

आज गेटवर लिन्थोईने "ईमा!" अशी हाक मारली. कुणी हसलं नाही. तेजूने जरा थांबून मला हाक मारली, "आई!"

एकाने विचारलंच, "कौन आई?"

"मेरी आई."

तुझी,
अक्षया