वडिलांसाठी ठेवलेले कलम

मी, वय वर्षे एकोणतीस, अविवाहित, श्वासयंत्रे दुरुस्त करणारी तंत्रज्ञ, कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मृत्यूनंतरची ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. नाडी जलद आहे, पण ती आजाराने नव्हे, भीतीने, असेही त्यांनी दाखल्यात लिहिले आहे.

उद्यापासून मी साथीच्या रुग्णालयात रुजू होते. आधीचा तंत्रज्ञ तिथेच आजारी पडून वारला. आमच्या चर्चच्या मंडळीत "कोण जाईल?" असे विचारले तेव्हा मी उभी राहिले. ख्रिस्ताच्या मागे निम्मे जाता येत नाही, एवढेच मला समजते. मी शूर नाही. मास्कची कड नीट बसली की नाही, हे मी झोपेतही चाचपते.

१. माझी खोली धाकट्या बहिणीला. लग्न झाले तरी तिने ती विकू नये. रुसून निघून यायला बाईला स्वतःचे दार असावे. मोरीचा नळ जोरात पिळू नये, वायसर नवा आहे.

२. बँकेतली शिल्लक रुग्णालयातल्या सफाई करणाऱ्या मावशींच्या हातमोज्यांसाठी. माझ्या नावाची पाटी लावू नये.

३. कपाटातली अंगठी ज्याने दिली त्याला परत. "देव मनात ठेव ना, नोकरी कंपनीत ठेव," असे तो म्हणाला होता. मी कंपनी सोडली, त्याने मला सोडले. त्याच्यासाठी प्रार्थना करून करून राग बोथट झाला आहे. संपलेला नाही. खोटे कशाला लिहू?

४. दफन मंडळीने करावे. घरच्यांना आग्रह करू नये. आले तर पुढची जागा त्यांची.

"एवढं करून तुला मिळालं काय?" असे बहिणीने विचारले होते. उत्तर इथे देते. बाप्तिस्म्याच्या दिवशी वडिलांनी दार लावून घेतले. त्यानंतर मंडळीतल्या कितीतरी घरांनी काही न विचारता माझे अंथरूण घातले. आणि यंत्र काढल्यावर रुग्ण स्वतःचा पहिला श्वास घेतो, तेव्हा मला वेगळी प्रार्थना करावी लागत नाही. भीती गेलेली नाही. पण तिच्यासोबत मी एकटी नसते.

५. माझी हत्यारे वडिलांना. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. पाना कसा धरायचा हे त्यांनीच मला शिकवले. बाप्तिस्म्यापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. पेटी दुकानात ठेवून यावे, बोलायला भाग पाडू नये.

इथवर लिहून साक्षीदारांसाठी थांबले होते. चर्चच्या पाळकांना यायला उशीर झाला. शेजारच्या शिवणबाई आल्या, आणि त्यांच्यामागे वडील. बाईंचे मशीन तेच दुरुस्त करतात. बाईंनीच त्यांना सांगितले असणार. वडिलांनी चष्मा लावून सगळे वाचले.

"सही कुठे करू?"

"बाबा, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमचं कलम बाद होईल."

"होऊ दे. मेलेल्या मुलीची हत्यारं घेऊन मी काय करू?"

"अहो, असं अभद्र काय बोलता!" शिवणबाई म्हणाल्या.

"मी एकच वाक्य बोललो. हिने बघा, पानं भरलीत."

मग त्यांनी पेन उघडले.

"तुझा देव मला पटलेला नाही, आधीच सांगतो. उद्या निघायचंय किती वाजता? फाटकापर्यंत मी येतो. पुढचं त्यानं बघावं."

सबब कलम ५ रद्द. हत्यारे उद्या माझ्यासोबत जातील.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: शेजारच्या शिवणबाई (सही)
साक्षीदार: वडील (सही)

स्थळ: माझी राहती खोली
दिनांक: रुजू होण्याचा आदला दिवस, रविवार, उपासनेनंतर