हात परत आला म्हणालीस

रेवदंडा

प्रिय रुचिका,

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. मेसेज वाचले, उत्तर दिलं नाही. शेवटी तू आईच्या फोनवर केलास, तेव्हा मी वाडीत गेलेय असं तिला सांगायला लावलं आणि खरंच वाडीत जाऊन उभी राहिले, निदान तिला तरी खोटं बोलावं लागू नये म्हणून. मी रुसलेली नाही. पण फोनवर तू रडायला लागतेस, मग मलाच तुझी समजूत घालावी लागते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हाताने लिहायला बसलेय. अक्षर लावून घे.

इकडे सगळं ठीक. पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळला, त्यामुळे सुपारी वाळवायची कामं मागे पडलीत. पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांना रंग काढून झाला. अप्पा आता काठीशिवाय बाजारात जातात, वाटेत भेटेल त्याला थांबवून बोलतात आणि भाजी विसरून परत येतात. आई तुझी आठवण काढते. तू मागच्या वेळी आलीस तेव्हा घावन खाताना तिला म्हणाली होतीस की आमच्या गावाकडे असे जाळीदार होत नाहीत. ते तिने अजून चार जणींना सांगितलंय.

तू पहिल्यांदा मला दिसलीस ती पनवेलच्या कॉलेजातल्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत. कपडे धोपटावेत तशी बटणं बडवत होतीस आणि तरीही दोन मुलांना हरवून बसली होतीस. मी परीक्षक म्हणून आले होते. शेवटी गंमत म्हणून तुझ्याशी खेळले, तर एक राउंड तू माझ्याकडून काढून घेतलास. त्या काळात माझ्याकडून राउंड काढून घेणारी माणसं देशात फार नव्हती गं. हे आता लिहितानाही दुसऱ्या कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटतंय.

मग तू शनिवार-रविवार माझ्या खोलीवर राहायला येणार असं ठरलं, आणि येसाजीकाका खोली बघायला माणगावहून सकाळच्या गाडीने आले. भाताची कापणी टाकून आले होते. चहा घेतला, खिडकीची कडी बघितली, मग आपल्या दोघींच्या मागे उभे राहून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. माझा पैलवान तुझ्या भालेवालीला उचलून आपटत होता. मला वाटलं, आता हे पोरीला घेऊन परत जाणार. तर ते म्हणाले, “तुमच्याजवळ ठेवतो हाय. हात चालतो तिचा, पन डोकं लवकर तापतंय. तेवढं बघा.”

मी ते बघितलं, असं मला वाटतं. तुझं डोकं थंड करायला मला दोन पावसाळे लागले. समोरचा पकडायला आला की दोन बटणं एकदम दाबून पकड सोडवायची, एवढी साधी गोष्ट, पण त्याला वेळ मिळतो पापणी लवायच्या आतला. तू घाबरून आधीच दाबायचीस, नाहीतर चिडून दाबायचीच नाहीस. म्हणून मी खेळताना तुला माणगावच्या बाजारातले भाव विचारायला लागले. वांगी कितीला, सुकट कितीला. शेवटी शेवटी तू भाव सांगता सांगता पकड सोडवायचीस, आणि तुला ते कळायचंही नाही. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या हातातलं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलं. केवढा आनंद झाला होता. एका हातातून दुसऱ्यात गेलेलं पहिल्यात उरतंच असं नाही, हे तेव्हा मनात आलं नाही.

तू सगळ्यांना सांगतेस की ताईने वडिलांसाठी खेळ सोडला. तसं नाहीये. अप्पा विहिरीच्या पायरीवर घसरले, खुब्याचं हाड मोडलं, मी आले हे खरं. पण गणपतीपर्यंत ते घरातल्या घरात चालायला लागले होते. मला कुणी थांब म्हटलं नाही. आई तर रोज विचारायची, तुझं ते खेळायचं काय झालं म्हणून. मी थांबले, कारण मला बरं वाटत होतं. सकाळी उठून पंप लावायचा, पाटातून पाणी माडांपर्यंत कसं जातंय ते बघत राहायचं, पाहुण्यांना समुद्राची वाट दाखवायची. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी जेवताना बोटं ताटाच्या काठावर आपटत नव्हते. मला वाटलं, विसावा घेऊ. खेळ कुठे पळून जातोय. आपलं घर बंद करून चावी खिशात घालून गावाला जातो ना, तसं वाटत होतं. चावी आपल्याकडे आहे म्हणजे घर आपलंच.

परत सुरुवात केली तेव्हा इथल्या नेटवर खेळत होते. पहिले पंधरा दिवस सगळ्यांकडून हरले. तू म्हणालीस, ताई, नेट अडखळतंय. मीही तेच म्हटलं. अप्पांनी न विचारता अलिबागहून माणूस बोलावून नवी लाईन टाकून घेतली. हरतच राहिले. मग गेमचं नवं अपडेट आलं होतं, माझ्या पैलवानाच्या दोन युक्त्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. महिनाभर ते कारण पुरलं. मग बटणांचा डबा जुना झालाय म्हणून नवा मागवला. नवा डबा आला, त्याची बटणं कशी हलकी, बोट टेकायच्या आत वाजणारी. आणि त्या दिवशी मी तुझ्या ओळखीच्या त्या ठाण्याच्या मुलाकडून एकही राउंड न घेता हरले. त्यानंतर माझ्याजवळ कारण उरलं नाही.

आणि ऐक, मला सगळं दिसतं. ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. दिसायचं कमी झालं असतं तर मी गपचूप बाजूला झाले असते. समोरचा उडी मारणार हे त्याच्या आधी मला कळतं. तो घाबरलाय, तो आता मागे सरकणार, तो आता पकडायला येणार, सगळं कळतं. मी हाताला सांगते. आणि हात पोचतो तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. इथे कुंडलिकेच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की मोठ्या होड्या भरतीची वाट बघत बाहेर उभ्या राहतात. त्यांना बंदर समोर दिसत असतं. पण त्यांना निदान भरतीची वेळ तरी माहीत असते.

वाशीच्या स्पर्धेला मी यायचंच नाही म्हणत होते. तू नाव घातलंस, फीही भरलीस. पेणपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात सगळे डाव म्हणत होते, लहानपणी परीक्षेला जाताना पाढे म्हणायचे तसे. पहिली मॅच जिंकले, समोरचा नवखा होता. दुसरी हरले. आणि मग एकदा हरलेल्यांना दुसरी संधी मिळते त्या गटात समोर तू आलीस. तूही एकदा हरली होतीस, पण त्या दिवशी जो शेवटी विजेता झाला त्याच्याकडून, तेही थोडक्यात. आपल्या दोघींत जी हरेल ती घरी जाणार होती. पहिल्या चार जणांना राष्ट्रीय संघाच्या निवडीला बोलावणार होते आणि तू त्या चारांत होतीस. हे मी एकटीच म्हणत नाही, त्या हॉलमधला प्रत्येक जण म्हणत होता.

पहिला गेम तू घेतलास, दुसरा मी. तिसऱ्यात शेवटच्या राउंडला दोघींकडे जेमतेम एकेक फटक्याचा जीव उरला होता. मी पकडायला गेले आणि पकड लागली. माझा पैलवान तुझ्या भालेवालीला घेऊन खाली आला. हॉलमध्ये लोक उभे राहिले. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, “ताई, तुझा हात परत आला गं.” आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तू हरलीस, तुझी निवड गेली, याचं दुःख व्हायला हवं होतं मला. ते नंतर झालं. त्या क्षणी मी फक्त माझ्या बोटांकडे बघत होते.

पुढच्या मॅचबद्दल तुला काय सांगायचं, तू मागेच उभी होतीस. तो मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा असेल. त्याने मला खेळूच दिलं नाही. मी भिंतीला लागलेली आणि तो मला तिथून हलू देत नव्हता, आणि तो आता काय करणार हे मला प्रत्येक वेळी आधी कळत होतं. संपल्यावर त्याने उठून माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हणाला, “मॅम, मी शाळेत असताना तुमचे व्हिडिओ बघून शिकलो.” चांगल्या घरचा मुलगा. मी त्याच्याबरोबर फोटोही काढला.

तरीही घरी येताना मी हरून आल्यासारखी नव्हते. रुचिकाला हरवलं, हे माझ्याजवळ होतं. आईला सांगितलं, अप्पांना सांगितलं. अप्पांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी शेजारी जाऊन सांगितलं की आमच्या मृणालने तिच्याच शिष्येला हरवलं, गुरू तो गुरूच. मला ते ऐकायला आवडलं.

मग माझ्या धाकट्या भावाने, सुयशने, पुण्याहून त्या मॅचचं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं होतं, ताई, बघ तुझा विजय. दुपारी जेवणं झाल्यावर मी ते पडवीत बसून बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत आपल्या दोघींचे हात दिसत होते, हे मला खेळताना माहीत नव्हतं. तुलाही माहीत नसावं. शेवटच्या राउंडला माझा पैलवान एक पाऊल पुढे टाकतो. पकड अजून व्हायची आहे. आणि तुझी बोटं बटणांवरून वर उचललेली आहेत. पंगतीत वाढणारी पुढ्यात आली की आपण पानावर हात आडवा धरतो, आता नको, पुरे, तसा हात. मी पुन्हा लावून बघितलं. मग आधीचे राउंड बघितले. दुसरा गेमही तू सोडला होतास, तो जरा जास्त सफाईने.

तू पकड सोडवली नाहीस याचं मला इतकं वाटलं नसतं. पण मी पकडायला जाणार हे तुला माझ्या आधी कळलं होतं, म्हणून तर हात उचलायला तुला वेळ मिळाला. जो डाव मी माझा सगळ्यात गुपित डाव समजत होते तो आता इतका जुना झालाय की त्याची वाट बघत बसता येतं. आणि तू वाट बघत बसलीस. मायेने बसलीस हे मला कळतं गं. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात तशा मायेने. मी एकतीस वर्षांची आहे.

अप्पांना सांगितलं नाही, पण त्यांना काहीतरी समजलं असणार. सुपारीची पोती उन्हात ओढताना ते म्हणाले, “मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून वाटतं, वर्गात उभा राहिलो तर पोरं गप्प बसतील. कुणी बोलवत नाही, म्हणून वाटतं.” त्यांनी पोतं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, बोलवत नाहीत तेच बरं आहे.

आता तू बोलवतेयस. परवाच्या मेसेजमध्ये लिहिलंयस की पुण्याला जानेवारीत जोड्यांची स्पर्धा आहे आणि जोडीत माझं नाव तू आधी आणि स्वतःचं मागे घातलंयस. म्हणूनच हे पत्र. माझं नाव काढ. त्या ठाण्याच्या मुलाला घे, तो चांगला खेळतो आणि तुझं ऐकेल. निवडीची जागा तू माझ्यासाठी टाकलीस, ती मला परत देता येत नाही, आणि आणखी एक जागा मी तुझ्याकडून घेणार नाही. येसाजीकाकांना मी काय सांगू, तुमच्या पोरीचं डोकं इतकं थंड केलं की ती आता जिंकायचंही थांबली? पण दिवाळीनंतर दोन दिवस रजा काढून इकडे ये. पडवीत दोन खुर्च्या टाकू, आईला घावन करायला सांगू, आणि तू माझ्याशी खेळ. त्या ठाण्याच्या मुलाशी खेळतेस तशी खेळ. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मी रडले तर रडू दे, मधे थांबू नकोस. मी हरणार हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. मला फक्त किती हरते ते बघायचंय, आणि ते मला खरं सांगू शकेल असं माणूस माझ्याजवळ तुझ्याशिवाय दुसरं नाही.

तुझीच,
मृणालताई