धुडकूमास्तरांची उडी व दोन तबकड्या यांची व्यवस्था

मी, चुडामण भाईदास पाटील, वय ४९, धंदा ऑइल इंजिन दुरुस्ती, राहणार लोणखेडा, तालुका शहादे, जिल्हा धुळे, हा कागद स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मी लिहू नये म्हणून घरातल्याच एकाने खटपट केली, ती पुढे येईल. सोमवारी सुरतेला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही, आणि लगेच विचारले, मुले किती? तेव्हा मी काय ते समजलो. उद्या आणि परवा मेळा आहे, म्हणून आज शुक्रवारीच हे उरकतो. शिक्षण मराठी चौथी. वकील केलेला नाही. चूक निघाली तर ती माझी.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते पत्नी पार्वतीबाई हिचे, तिच्यामागे मुलगी मीना हिचे. मागच्या दाराची कडी आधी उचलावी आणि मग ओढावी. हे मी बावीस वर्षे सांगत आहे.

कलम २. दुरुस्तीचा कारखाना, सर्व पाने, हातोड्या व लेथ पुतण्या रतिलाल यास. माझा भाऊ वारल्यापासून तो माझ्याच घरी वाढला. हात चांगला आहे, पण पाने जागेवर ठेवत नाही. भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार मी रंगाने काढून ठेवला आहे. तो पुसला तर हे कलम रद्द समजावे.

कलम ३. गावाबाहेरचे खळे मेळ्यास. ज्यांना मेळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. नंदुरबारचे कै. धुडकूमास्तर हे क्लॅरिनेट वाजवीत. लग्नाच्या वरातीत त्यांचा वाजंत्र्यांचा ताफा असला की नवरदेवाकडे कोणी पाहत नसे. त्यांची एकच तबकडी निघाली, तीत त्यांची वरातीची चाल आहे. मास्तर १९४९ साली वारले. १९५१ पासून, सारंगखेड्याची यात्रा उठली की पुढच्या शनिवार-रविवारी, हौशी ताफे माझ्या खळ्यात जमून मास्तरांची चाल जशीच्या तशी वाजवतात. पोटासाठी वाजवणारा त्यांत एकही नाही. शिंपी आहेत, शाळामास्तर आहेत, नंदुरबारच्या मिरची बाजारातले तोलारी आहेत. सगळे मास्तरांसारखा लाल कोट घालतात, डाव्या खांद्यावर रुमाल टाकतात. पहिल्या वर्षी तीन ताफे होते, गेल्या वर्षी एकोणीस. ऐकणारे बैलगाड्या सोडून दोन दिवस तिथेच मुक्काम करतात.

कलम ४. माझे क्लॅरिनेट मीनाला. मुलीने वाजवू नये असे म्हणणाऱ्यास घरात घेऊ नये. त्याचे फुंकायचे मूळ तोंड नंदुरबारच्या रायसिंगने १९५९ साली 'एका दिवसापुरते' नेले. ते परत मागू नये. आता त्यावर त्याचे दात उमटलेले आहेत.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

मेळ्याचे नियम मी केले. नियम चौथा असा: वरातीच्या चालीत तिसऱ्या फेऱ्याला मास्तर दोन मात्रा गाळून एकदम समेवर येतात. ही 'मास्तरांची उडी'. जो ताफा उडी चुकेल तो बाद. ही उडी मी माझ्या तबकडीवरून शोधली, आमच्या भागात ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती, मग मोजली आणि सगळ्यांना शिकवली. उडीची जागा आली की खळ्यातले लोक श्वास धरून बसतात, आणि ती नेमकी पडली की टोप्या उडतात. चौदा वर्षे मी त्या टोप्यांकडे पाहत आलो.

१९५७ साली तोरणमाळकडून वाहरू आपला ताफा घेऊन आला. वाहरू स्वतः अकरा वर्षे मास्तरांच्या मागे ढोल वाजवत होता. त्याने उडी मारली नाही, सरळ गेला. लोक हसले. मी बाद म्हटले. तो मंचावरच म्हणाला, "मास्तरनी कधीच उडी मारी नही, मिस्तरी. मी मांगेच व्हतू ना."

मी भोंग्यात तोंड घालून बोललो, "तू ढोल बडव. ऐकायचं काम आमचं."

सगळे खळे हसले. त्याने ढोल खांद्याला लावला आणि चालत निघून गेला. त्यानंतर आठ वर्षे तो शहाद्याच्या बाजारात दिसतो, पण माझ्याकडे बघत नाही.

कलम ६. गेल्या वर्षीच्या दिवाळीत रतिलालने सुरतेच्या जुन्या बाजारातून मास्तरांची तीच तबकडी आणली, कोरी, एकही चरा नसलेली. मी दार लावून लावली. उडी नाही. अकरा वेळा लावली. उडी नाही. मग माझी जुनी तबकडी भिंगाखाली धरली. तिसऱ्या फेऱ्याच्या जागी एक आडवा ओरखडा आहे. सुई तिथे एक रेघ ओलांडून पुढे पडते. तबकडी एकदा फिरते तेवढ्यात बरोबर दोन मात्रा बसतात. मी मोजले आहे.

ओरखडा माझाच आहे. १९५० साली तबकडी घेतली त्याच दिवशी ग्रामोफोनची स्प्रिंग बसवताना माझ्या हातून पेचकस तिच्यावर पडला होता. मी फुंकर मारली आणि विसरलो. म्हणजे सगळे ताफे चौदा वर्षे माझा पेचकस वाजवत आहेत.

रतिलाल म्हणाला, "काका, कोनले सांगू नका. लोके उडीकरताच येतस. मेळा बसी जाई." पुढे म्हणाला, "द्या ती नवी मन्हाकडे, मी फोडी टाकस." त्याने दोनदा ती ठेवलेली ट्रंक उघडायचा प्रयत्न केला. पानेच वापरले, आणि जागेवर ठेवले नाहीत, म्हणून मला कळले. तेव्हापासून किल्ली माझ्या करगोट्याला आहे. पार्वतीबाई म्हणते, "तुम्हना कंबरले किल्ली अन मन्हा जीव टांगेल." रतिलाल वाईट नाही. मेळा बसेल याची त्याला भीती आहे. मलाही आहे. मी एक वर्ष गप्प बसलो ते त्याच भीतीने. गेल्या मेळ्यात नवी तबकडी ट्रंकेत असताना मी तळोद्याच्या एका ताफ्याला उडी चुकली म्हणून बाद केले. हेही लिहून ठेवतो.

कलम ७. कोरी तबकडी माझ्या मरणानंतर वाहरूला द्यावी, आणि पुढच्या वर्षीच्या मेळ्यात हा कागद वाचून ती सर्वांना ऐकवावी.

(वरील कलम ७ मी आडव्या रेघेने खोडले आहे. खोडल्याखाली सही केली आहे. कारण पुढे देतो.)

आज दुपारी मी शहाद्याच्या बाजारात निरोप धाडून वाहरूला बोलावले. येईल असे वाटले नव्हते. आला, ओट्यावर बसला, पाणी घेतले नाही. मी कलम एक ते सात वाचून दाखवले. पेचकसाचे तेवढे दोनदा वाचले.

तो म्हणाला, "तू मरानी वाट मी देखत बसू का? मी तुन्हाथीन मोठा शे."

मी म्हणालो, कागदाने दिलेले पक्के असते.

"माले तबकडी नको. मन्हा घर तबकडीनी पेटी बी नही वाजाडाले. उद्या वाजाड. ज्या भोंगामा माले बोलना व्हता, त्याच भोंगामा बोल."

मी म्हणालो, लोक मारतील.

"मारू दे. मी ढोल वाजाडसू, तुन्हं बोंबलनं कोनले ऐकू नही येवाव."

मग त्याने पाणी मागितले.

कलम ८. म्हणून ती कोरी तबकडी या कागदात कोणालाच दिलेली नाही. उद्या शनिवारी, पहिला ताफा उभा राहण्याआधी, मी ती स्वतः भोंग्यासमोर लावीन, १९५७ साली काय बोललो ते पुन्हा बोलीन, आणि ते खोटे होते हे सांगीन. रतिलालने ग्रामोफोनला चावी द्यावी. नाही दिली तर मी देईन. माझा हात अजून चालतो. त्यानंतर तबकडी मेळ्याची.

ओरखड्याची तबकडी मात्र माझी. ती माझ्याबरोबर जाळावी.

कलम ९. नियम चौथा रद्द. तरीही एखाद्या ताफ्याला उडी मारावीशी वाटली तर त्याला बाद करू नये. त्यांनी ती इमानाने शिकली आहे. फक्त मंचावरून सांगताना मास्तरांचे नाव घेऊ नये. चुडामण मिस्तरीची उडी म्हणावे. हसू आले तर हसावे.

या कागदात एकूण खाडाखोड एक. कोरी जागा सोडलेली नाही.

ज्याला कागदाने काही मिळते त्याने साक्ष करू नये म्हणतात. वाहरूला आता यात काहीच मिळत नाही, म्हणून पहिली साक्ष त्याची घेतली. सही मी दोघांच्या डोळ्यांदेखत केली.

सही: चुडामण भाईदास पाटील

साक्षीदार १: वाहरू, राहणार तोरणमाळकडे, धंदा ढोल व शेती. डाव्या अंगठ्याची निशाणी. पहिला ठसा पुसट आला, म्हणून त्याने न सांगता दुसरा उठवला.

साक्षीदार २: उखा भिका कोळी, पोस्टमन, लोणखेडा. सही.

लोणखेडा, शुक्रवार, ता. १७ डिसेंबर १९६५. संध्याकाळचे सहा. खळ्यात पहिल्या दोन बैलगाड्या येऊन सुटल्या आहेत. वाहरू ढोल घ्यायला गेला आहे.